गाडीसमोर उभं राहणारं माणूस

चिमाजी घोडक्यांचं स्वतःबद्दल मत फारसं चांगलं नव्हतं. आयुष्यात आपल्याला दोनच गोष्टी जमल्या, असं ते मानायचे. एक मोजणं आणि दुसरी गप्प बसणं. चाकणच्या एका कंपनीत स्टँडर्ड रूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली. बाहेर प्रेसचा धडधडाट आणि आत काचेच्या दाराआड बारा महिने वीस डिग्री गारवा. तयार झालेला भाग टेबलावर यायचा, चिमाजी तो मोजायचे आणि पास की नापास ते लिहायचे. तिथं कोणी मोठ्यानं बोलत नसे. त्यामुळे त्यांचा अबोलपणा त्या खोलीत गुण म्हणून खपून गेला.

घरी बोलण्याचं काम सावित्रीबाई करायच्या. धाराशिवकडून चिखलीला आल्यावर वर्षभरात त्यांनी अख्खी गल्ली ओळखीची करून टाकली होती. चिमाजींकडे यायचे ते लोक खरं तर सावित्रीबाईंकडेच यायचे. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. नंतर माणसं एकेक करून यायची थांबली, आणि त्यात कोणाची चूक आहे असं चिमाजींना वाटलंही नाही. आपल्याशी बसून कोणी काय बोलणार?

मुलगी विजयश्री नागपूरला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"भात."

"नुसता भात?"

"आमटी होती."

एवढ्यावर दोघांकडचंही संपायचं. मग ती "काळजी घ्या" म्हणायची आणि हे "हो" म्हणायचे.

वेळ खायला उठायचा. मग चिमाजी वाचनालयातून पुस्तकं आणू लागले. त्यात एकदा घरच्या घरी यंत्रं करण्याचं एक पुस्तक हाती लागलं. बोटभर लांबीचा एक सर्किट बोर्ड, दोन मोटारी, चार चाकं. वर्षभराच्या खटपटीनंतर काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी एक छोटी गाडी त्यांनी केली. ती स्वयंपाकघरातून निघून बाहेरच्या खोलीत यायची आणि परत जायची. ती पाहायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा व्हिडिओ काढून ठेवला.

हा व्हिडिओ दाखवण्याची वेळ मोशीच्या एका लग्नात आली. जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. चिमाजी ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, तेवढ्यात एक तिशीपस्तिशीचा माणूस समोर येऊन वाकला.

"घोडकेकाका, ओळखलंत? मी निरंजन. सहा महिने तुमच्या हाताखाली ट्रेनी होतो. मायक्रोमीटर पाडला म्हणून तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता."

"मी तसा कोणाशीच बोलत नसे," चिमाजी म्हणाले. निरंजन खो खो हसला. आपण विनोद केला, हे चिमाजींना मागाहून कळलं.

निरंजननं नोकरी सोडून तळेगावला वडिलांच्या जमिनीवर पॉलिहाऊस टाकलं होतं. मांडवाला लावलेली जरबेराची फुलं त्याचीच होती. त्यानं व्हिडिओ दोनदा पाहिला.

"काका, हीच मोठी करा ना माझ्यासाठी. बायका सकाळी फुलं तोडतात आणि पाण्यानं भरलेल्या बादल्या शेडपर्यंत उचलून आणतात. कंबरडं मोडतं त्यांचं. वाफ्यांच्या मधल्या वाटेवर पांढरी पट्टी मारून देतो. सगळं मिळून पंधरा हजारांत बसवा. अट एकच, माणसाला धडकता कामा नये."

"बघतो."

"आणि जमली ना, तर मंगळवार-शुक्रवार तुम्हीच यायचं गाडी बघायला. शेडमध्ये टेबल-खुर्ची टाकतो. दुपारी सगळे एकत्रच जेवतो आम्ही."

पंधरा हजारांचं चिमाजी विसरले असते. सगळे एकत्र जेवतो, हे वाक्य मात्र ते त्या रात्री झोपेपर्यंत मनात घोळवत राहिले.

मोटारी, बॅटरी आणि लोखंडी सांगाडा यांत बहुतेक पैसे गेले. आता उरले होते गाडीचे डोळे, म्हणजे समोरचं अंतर मोजणारे सेन्सर. त्यासाठी ते चिंचवड स्टेशनजवळच्या धम्मपालच्या दुकानात गेले. धम्मपाल चाळिशीचा, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सोल्डरिंग करणारा माणूस. त्यानं काचेवर तीन वस्तू मांडल्या.

"काका, डोळे तीन प्रकारचे. गरिबाचे, मधल्यांचे आणि कंपनीवाल्यांचे. हा पहिला आवाज फेकतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण समोर आपटून परत आला की किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. शंभर रुपयांच्या आसपास. हा दुसरा लेझरचा, पाचशे धरा. नजर बारीक आहे, पण उजेड जास्त झाला की याचे डोळे दिपतात."

"आणि हा?"

"हा गरागरा फिरतो आणि चहूकडे बघतो. लिडार म्हणतात. त्याला हात लावू नका, तुमच्या गाडीची किंमत त्याच्या खोक्याएवढी पण नाही."

चिमाजींनी आवाजवाला उचलला. त्याला घुबडासारखे दोन गोल डोळे होते. "आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे बोलले. "वीस डिग्रीला एक आणि पस्तिसाला एक. मीटरला अडीच सेंटिमीटरचा फरक पडेल."

"तेवढ्यानं काय होतंय राव काका! फुलांच्या बादल्याच न्यायच्यात, रॉकेट न्यायचंय का?"

पण चिमाजींचा चेहरा उजळला होता. तापमानाची चूक दुरुस्त करता येते. जी चूक दुरुस्त करता येते ती त्यांना आवडायची. त्यांनी आवाजवाले सहा नग आणि एक तापमान मोजणारा घेतला.

पिशवी देताना धम्मपाल म्हणाला, "एक ऐका. समोर माणसं उभी करून बघा. दोन-चार वेगवेगळी. डब्यावर छापलेलं सगळं खरं नसतं."

"करतो," चिमाजी म्हणाले आणि बाहेर पडले. माणसं उभी करून बघा. उभी करायला माणसं कुठून आणायची, हे याला काय सांगायचं?

पुढचे पंधरा दिवस मात्र त्यांचे फार सुखाचे गेले. भंगारातून एक सरळ पोलादी प्लेट आणली, ती गुण्या लावून काटकोनात उभी केली आणि तिच्यापुढे सेन्सर दहा-दहा सेंटिमीटरवर सरकवत मापं घेतली. पहाटेच्या थंडीत घेतली, दुपारी गच्चीवर उन्हात घेतली. तापमानाचा हिशोब बसवला. रजिस्टरची अकरा पानं भरली. शेवटी सेन्सर प्लेटचं अंतर इतकं अचूक सांगू लागला की स्टँडर्ड रूममध्येसुद्धा त्याला कोणी नावं ठेवली नसती.

राहिलं माणूस. एका संध्याकाळी ते खाली पार्किंगमध्ये गेले. वॉचमन स्टुलावर बसून मोबाइल बघत होता.

"काय, जेवण झालं का?" चिमाजींनी विचारलं.

"आता साडेपाच वाजलेत काका."

"हो, तेही खरंच."

"काही काम होतं का?"

"नाही नाही. चालू दे."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची ही सवय जुनीच. ते वर आले. माणूस म्हणजे तरी काय, त्यांनी स्वतःची समजूत घातली, प्लेटपेक्षा मोठीच वस्तू. प्लेट दिसते तर माणूस दिसणारच. तरी मनाची रुखरुख जावी म्हणून त्यांनी गाडी बाहेरच्या खोलीत सोडली आणि स्वतःच तिच्यासमोर उभे राहिले. टेरिकॉटची कडक पँट, इस्त्रीचा शर्ट, पाय जुळवून, ताठ. गाडी वीतभर आधी थांबली. दहा वेळा सोडली, दहाही वेळा थांबली. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, माणूस, पास.

जानेवारीतल्या एका मंगळवारी निरंजनच्या पिकअपमधून गाडी तळेगावला गेली. मार्केटला फुलं टाकून परतताना ड्रायव्हरनं ती चिखलीहून उचलली. चिमाजी ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर रजिस्टर आणि त्यावर जेवणाचा डबा. डब्यात त्यांनी आज चार पोळ्या जास्त आणल्या होत्या. एकत्र जेवायचं तर वाटायला हव्यात.

पॉलिहाऊसमध्ये सकाळचं धुकं अजून आतल्या आत कोंडलेलं होतं. दोन्ही बाजूंना वाफ्यांवर लाल, पिवळी, गुलाबी फुलं, आणि वाकून ती तोडणाऱ्या सात-आठ बायका. जरबेरा कापत नाहीत, देठ बुडाशी धरून हलकं पिळून ओढतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं आणि थंडीमुळे वर शाली नाहीतर स्वेटर, असा सगळ्यांचा वेष. त्यांतली म्होरकी ठकुबाई, साठीची, काटक आणि तोंडानं फटकळ.

"ह्या आपल्या गाडीला नाव काय ठिवलं भाऊ?" तिनं विचारलं.

चिमाजी गडबडले. "नाव... नाही ठेवलं."

"आगं बया, बिननावाची! सासर कसं मिळायचं हिला?"

बायका हसल्या. चिमाजींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण त्यांना वाईट वाटलं नाही. कितीतरी दिवसांत त्यांची कोणी थट्टा केली नव्हती.

गाडी सुटली. वाटेत ठेवलेल्या बादलीपुढे थांबली. लोखंडी खांबापुढे थांबली. निरंजन चामड्याच्या जॅकेटमध्ये छाती काढून समोर उभा राहिला, तर त्याच्याही पुढे वीतभर अंतर राखून थांबली. "एक नंबर काका!" तो ओरडला. त्यानं तिच्यावर भरलेल्या चार बादल्या चढवल्या आणि ती शेडकडे सोडली.

मधल्या वाटेवर ठकुबाई पाठमोरी, तिरकी वाकून फूल पिळत होती. अंगावर जाड लोकरी शाल होती. गाडी आली तशी आली. चिमाजी थांबण्याची वाट बघत होते, थांबण्याचा तो एक छोटा झटका त्यांना आता पाठ झाला होता. झटका आला नाही. गाडी तिच्या पोटरीला लागली, ती मटकन खाली बसली, आणि एक बादली कलंडून पाण्यासकट फुलं तिच्या मांडीवर पडली.

मग ठकुबाईच म्हणाली, "आरं द्येवा! फुलं तर वाहिली, आता नारळ बी फोडा की!"

सगळं पॉलिहाऊस हसलं. पायाला थोडं खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. हर्षाली नावाच्या तरण्या बाईनं तिला हात देऊन उठवलं. चिमाजी मात्र जागच्या जागी थिजले होते.

"लागलं का हो?" त्यांनी तीन वेळा विचारलं.

"न्हाई हो भाऊ. म्हशीची लाथ खाल्ल्याली हाडं हायती ही."

निरंजन त्यांच्याजवळ आला. "काका, टेन्शन घेऊ नका. बायकांना सांगून ठेवू, गाडी आली की बाजूला व्हायचं. दोन दिवसांत सवय होईल. डेव्हिएशनवर पास करून टाकू."

कंपनीत डेव्हिएशन म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. भाग मापात नाही, पण गाडं अडलंय, तेव्हा वरच्यांच्या सहीनं चालवून घ्यायचा. त्या कागदावर चिमाजींनी चौतीस वर्षांत कधी सही केली नव्हती. आत्ता मान डोलावली की शेडमधली टेबल-खुर्ची त्यांची होती. ती खुर्ची त्यांना येताना दिसलीही होती, निळी, प्लास्टिकची, धुऊन ठेवलेली.

"नापास आहे," ते म्हणाले.

"अहो काका..."

"नापास आहे रे. आज हिला लागलं नाही, हा नशिबाचा भाग झाला."

निरंजननं आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग खांदे उडवले. "बरं, तुम्ही म्हणाल तसं. पण सध्या लग्नाचा सीझन आहे, मला यात परत परत वेळ नाही घालवता येणार." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तो फोन कानाला लावून शेडकडे गेला तो पुन्हा आला नाही. दुपारी पिकअप निघेपर्यंत चिमाजी गाडीशेजारी दगडावर बसून होते. शेडमधून जेवतानाच्या गप्पा आणि भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता. कोणीतरी "त्या बाबांना बोलवा की" म्हणालं. त्यांनी घाईघाईनं हात हलवून, झालंय जेवण, अशी खूण केली. पोळ्या तशाच घरी परत गेल्या.

चूक कुठं झाली ते दोन दिवस त्यांना सापडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल वाळत घातला होता आणि सहज म्हणून सेन्सर त्याच्यासमोर धरला. बोर्डानं अंतर दाखवलं ते थेट पलीकडच्या भिंतीचं. टॉवेल जणू तिथं नव्हताच.

चिमाजी खुर्चीत बसले. मग उठले, आतल्या खोलीतली ट्रंक उघडली. सावित्रीबाईंची कापडं त्यांनी एकेक करून दोरीवर टाकली आणि एकेकासमोर सेन्सर धरला. कडक काठाची साडी कशीबशी दिसली. जुनं सुती पातळ तिरकं लटकवलं तर आवाज भलतीकडेच निसटून जायचा. लोकरी शाल तर आवाज गिळूनच टाकत होती. पोलाद आवाज परत करतं, कारण ते कठीण असतं आणि सरळ समोर उभं असतं. माणसं तशी नसतात. माणसं मऊ कापडात गुंडाळलेली असतात, वाकलेली असतात, पाठमोरी असतात. त्यांनी पंधरा दिवस सेन्सर तपासला होता, अगदी मिलिमीटरपर्यंत तपासला होता, आणि ज्यासाठी तो होता ते तपासलंच नव्हतं. आपण स्वतः उभे राहिलो, तेही प्लेटसारखेच उभे राहिलो.

कपडे पुन्हा घड्या करून ट्रंकेत ठेवायला त्यांना संध्याकाळ लागली.

धम्मपालनं सगळं ऐकून घेतलं आणि लेझरवाले दोन नग पुढ्यात ठेवले. "मी म्हणालो होतो की नाही? माणसं उभी केलीत का?"

"एक केला होता."

"कोण?"

"मीच."

धम्मपाल हसणार होता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसला नाही. त्यानं एक रबरी पट्टी काढली. "ही पुढं लावा. कशालाही टेकली की मोटार बंद. डोळे चुकले तरी निदान नाकानं थांबेल."

चिमाजींनी आता आवाजवाले आणि लेझरवाले दोन्ही बसवले. लेझरला शाल दिसायची, पण दुपारच्या लख्ख उजेडात तो भांबावायचा, म्हणून त्याच्यावर काळ्या पाइपच्या तुकड्याची टोपी केली. काळ्या घोंगडीला लेझर चकायचा. कुणाला काय दिसत नाही याचं त्यांनी एक पानच केलं. आणि त्या पानाच्या शेवटी त्यांच्या लक्षात आलं की दोरीवरची कापडं आता पुरायची नाहीत. दोरीवरचं कापड वाकत नाही, वळत नाही, मध्येच खाली बसत नाही.

निरंजनला फोन करायला त्यांनी तीन दिवस घेतले. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं.

"काका, सांगितलं ना, सीझन आहे," निरंजन म्हणाला. "बरं, असं करा. बुधवारी फवारणी झाली की आत कोणी नसतं. संध्याकाळी या, पॉलिहाऊस रिकामं असेल. हवी तेवढी चालवा, कोणाला लागायची भीती नाही."

चिमाजींनी कागदाकडे पाहिलं. यावर कागदात काही नव्हतं.

"मला रिकामं नको," ते म्हणाले. आवाज थोडा मोठा निघाला. "मला माणसं हवीत."



"बायकांच्या कामाचा खोळंबा होईल काका. ठकुबाई तयार होत असेल तर माझी ना नाही. पण तुम्हीच विचारा तिला."

दुसऱ्या दिवशी चिमाजी निगडीला बस बदलून तळेगावला गेले. गाडी न घेता, नुसतेच. फाट्यापासून दोन किलोमीटर चालताना त्यांनी चार वेळा परत फिरायचं ठरवलं. ठकुबाई वाफ्याच्या टोकाला पाणी पीत होती.

"काय भाऊ, आज नवरी न्हाई आणली?"

"ठकुबाई, एक विचारायचं होतं."

"इचारा की."

"तुम्ही... म्हणजे तुम्ही सगळ्या... माझ्या गाडीसमोर उभ्या राहाल का?"

विचारून झालं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. इतकं उघडंवाघडं त्यांनी कोणाकडे काही मागितल्याचं त्यांना आठवेना. ठकुबाईनं ओठ पुसले.

"येकदा हुबी राह्यले तवा बसवलंच की तुमी मला."

"आता पुढं रबर लावलंय. लागणार नाही. लागलं तरी..."

"हुबं राह्यला कुणाला येळ हाय हितं?" ती म्हणाली. चिमाजींनी मान खाली घातली. "आमी आमचं काम करतू. वाकू, बसू, येऊ, जाऊ. तुमी तुमची गाडी सोडा मधी. चालंल का?"

"तेच तर हवंय मला," चिमाजी म्हणाले.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. सकाळी आठ ते अकरा. गाडी पुन्हा पिकअपमधून आली आणि शेडमध्येच राहू लागली. चिमाजींनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर कसोटी लिहिली. एका दिवसात चाळीस फेऱ्या. प्रत्येक वेळी माणसापासून वीस सेंटिमीटर राखून गाडी थांबली पाहिजे. चाळिसांपैकी एक जरी चुकली तरी गाडी नापास, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी अकरा चुकल्या. दुसऱ्या दिवशी सात. बायकांना आता त्याचा खेळच झाला होता. कोण घोंगडी पांघरून बसायची, कोण मुद्दाम तिरकी व्हायची. गाडी थांबली की कुणीतरी ओरडायचं, "वळखलं हो वळखलं!" चिमाजी टेप काढून अंतर मोजायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे आणि पुढच्या फेरीला सोडायचे. बोलायचे ते फारच थोडं. अकरा वाजले की ते सामान आवरायचे, शेडच्या मागच्या बाजूला बसून डबा खायचे आणि बसला निघायचे. निळी खुर्ची शेडमध्ये होती, पण गाडी अजून पास झाली नव्हती, तेव्हा तिच्यावर बसणं त्यांना बरोबर वाटेना. शेडमध्ये जेवायला या म्हणून बायकांनी दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. मग बायकांनी सांगायचं सोडलं, आणि आता सांगितलं तर आपण जाऊ, असं चिमाजी दर वेळी ठरवू लागले.

पाचव्या दिवशी गाडी चुकेचना. दहा झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या. लेझरची टोपी अर्ध्या इंचानं पुढं घेतल्याचा तो परिणाम होता. एकोणचाळीस फेऱ्या झाल्या आणि एकोणचाळीस वेळा टेपनं वीसच्या वरचाच आकडा दिला. निरंजनही येऊन उभा राहिला होता.

"काका, आजच पास होणार बघा! झाली की मोकळे तुम्ही. मग काही विचारलं तर तेवढं फोनवर सांगत जा, काही बिघडलं तर बोलावतो. रोजच्या बघण्याला आता ड्रायव्हर शिकलाय, तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रास नको."

तो हे मनापासून, त्यांच्या भल्यासाठीच म्हणाला. चिमाजींनी "हो हो" म्हटलं. निरंजनचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

चाळिसावी फेरी. हर्षाली कानटोपी घालून, अंगाचं मुटकुळं करून, पडलेली फुलं वेचत बसली होती. गाडी आली, छोटा झटका बसला आणि थांबली. हर्षालीच्या कोपरात आणि गाडीत वीतभर जागा होती. किंवा वीतभराला थोडी कमी.

चिमाजींनी वाकून पाहिलं. मग सरळ झाले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं.

"झाली का पास?" ठकुबाईनं विचारलं.

"नाही. अंतर पुरत नाही."

"थांबली की वं! मी बघितली की!"

"थांबली. पण पुरेशी लांब नाही."

"बाबा, माज्यामुळं नापास झाली व्हय?" हर्षाली उठत म्हणाली.

"नाही गं. तू बरोबर बसली होतीस."

"मंग आता?"

"मंगळवारी परत. पहिल्यापासून चाळीस."

ठकुबाईनं त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. "मंग मंगळवारी डबा आणू नगा," ती म्हणाली. "वल्या हरभऱ्याचा हुळा भाजणार हाय आमी शेडमागं. आन न्हाई म्हनायचं न्हाई."

"बरं," चिमाजी म्हणाले.

फाट्यावर बसची वाट बघत ते कठड्यावर टेकले तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी सवयीनं रजिस्टर उघडलं. एकोणचाळीस ओळींत एकोणचाळीस अंतरं लिहिलेली होती. तेवीस, बावीस, साडेएकवीस. चाळिसाव्या ओळीत अंतराची जागा कोरी होती आणि तिच्यापुढे फक्त नापास हा शब्द होता, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

टेप त्यांनी काढलीच नव्हती.

एकोणीस असेल, ते स्वतःला म्हणाले. डोळ्यांना एकोणीसच वाटलं. चौतीस वर्षांच्या डोळ्यांना सेंटिमीटर कळतो. पण साडेवीस असलं तर? त्यांनी तो कोपर, तो रबर, मधली ती जागा पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. दर वेळी ती जागा थोडी वेगळी दिसायची. न मोजता त्यांनी आजवर एक आकडा लिहिला नव्हता, आणि आजही लिहिला नव्हता, ही पळवाट त्यांना सुचली आणि सुचल्याची लाजही वाटली.

निगडीची बस आली. गर्दी नव्हती. खिडकीशी बसल्यावर त्यांनी पेन काढलं, कोऱ्या जागेवर टेकवलं, आणि सोमाटण्याचा टोलनाका मागं पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.